कोलंबियातील विद्यार्थी आणि वंशाचा प्रश्न

शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा विचार महाराष्ट्रात सुरू झाला, तेव्हापासून त्याची एक नजर अमेरिकेकडे लागलेली होती. इ. स. १८७३ मध्ये जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून त्या वेळी अवघी आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून लिहिणाऱ्या एका ग्रंथकाराला सातासमुद्रांपलीकडील मळ्यांत राबणाऱ्या गुलामांविषयी आपलेपणा वाटावा, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

परंतु ह्या आपलेपणाच्या पाठीशी जोतीरावांनी एक ऐतिहासिक उपपत्तीही उभी केली होती. ब्राह्मण हे इराणाकडून आलेल्या आर्यांचे वंशज. त्यांनी ह्या भूमीच्या मूळ रहिवाशांना जिंकले व दास केले. शूद्र आणि अतिशूद्र हे त्या जित लोकांचे वारस, अशी ती उपपत्ती होय. आर्य नावाचा एक वंश होता आणि तो बाहेरून येथे आला, ही कल्पना मुळात युरोपीय पंडितांची. तिचा उपयोग उच्चवर्णीयांनी इंग्रजांशी आपले दूरचे नाते सांगण्यासाठी केला. जोतीरावांनी तेच शस्त्र उचलून त्याची धार उलट्या बाजूला फिरविली. पुढे गोपाळबुवा वलंगकर ह्यांनी अस्पृश्यांची जी पहिली संस्था काढली तिच्या नावातच ‘अनार्य’ हा शब्द होता. दक्षिणेत आदि-द्रविड, उत्तरेत आदि-हिंदू अशा चळवळी झाल्या, त्यांचाही आधार हाच. आपण ह्या भूमीचे मूळ धनी आहोत आणि आपले दैन्य हा पराभवाचा परिणाम आहे, पापाचा नव्हे, ही जाणीव खाली दडपलेल्या माणसाला ताठ उभे करणारी होती. तेव्हा वंशाची ही उपपत्ती म्हणजे केवळ पुस्तकी मत नव्हते. चळवळीच्या भात्यातील तो एक मोलाचा बाण होता.

असा बाण हाताशी असताना तो टाकून देणारा विद्यार्थी अस्पृश्य समाजातूनच निघावा आणि त्याने तो अमेरिकेत, वंशाच्या प्रश्नाने धुमसत असलेल्या एका शहरात बसून टाकून द्यावा, ही घटना विचार करण्यासारखी आहे.

भीमराव रामजी आंबेडकर हे जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस वर्षांचे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वडील वारले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली होती आणि तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मुख्यतः अर्थशास्त्राचा अभ्यास केला. पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र ह्या विषयांचेही वर्ग त्यांनी केले. त्या तीन वर्षांतील वर्गांची संख्या साठाच्या घरात जाते. सेलिग्मन, जॉन ड्यूई, रॉबिन्सन, गिडिंग्ज अशा नामांकित अध्यापकांकडून त्यांना शिकावयास मिळाले. वसतिगृहात त्यांच्याबरोबर राहणारे नवल भथेना हे मुंबईचे पारशी गृहस्थ त्यांचे जन्माचे मित्र झाले. एका टेबलापाशी बसून जेवावे, एका ग्रंथालयात शेजारी बसून वाचावे आणि कोणी जात विचारू नये, हा अनुभव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसलेल्या ह्या विद्यार्थ्याला नवा होता.

मात्र हा मोकळेपणा सर्वांच्या वाट्याला आलेला नव्हता. कोलंबिया विद्यापीठ मॉर्निंगसाइड नावाच्या उंचवट्यावर वसले आहे. त्याच्या पूर्वेस कडा उतरून खाली गेले की हार्लेमची वस्ती लागते. ह्याच वर्षांत दक्षिणेकडील राज्यांतून निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबे हार्लेमात येऊन राहू लागली होती आणि गोरे घरमालक त्यांना रोखण्यासाठी आपसांत करारमदार करीत होते. भीमराव तेथे पोहोचले त्याच वर्षी वुड्रो विल्सन अध्यक्षपदी आले व केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या नोकरांना वेगळे बसविण्याचे धोरण सुरू झाले. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला. काळ्यांवर दहशत बसविणाऱ्या टोळीला त्यात वीरांचा मान दिलेला होता. त्याच्या विरुद्ध ज्या संघटनेने आवाज उठविला, तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे विद्वान न्यूयॉर्कमधूनच चालवीत असत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बुकर टी. वॉशिंग्टन निवर्तले. वॉशिंग्टन ह्यांचे चरित्र आणि अमेरिकन घटनेची चौदावी दुरुस्ती ह्या दोन गोष्टींचा ठसा तरुण आंबेडकरांवर उमटला असला पाहिजे, असे अनुमान त्यांचे चरित्रकार धनंजय कीर ह्यांनी केले आहे.

विद्यापीठाच्या भिंतीआडही हा वाद चाललेला होता. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना मताधिकार देणे ही चूक होती, असे प्रतिपादन करणारा इतिहासकारांचा एक संप्रदाय कोलंबियातच विल्यम डनिंग ह्यांच्याभोवती जमला होता. उलट मानववंशशास्त्राच्या विभागात फ्रान्झ बोआस ह्यांनी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला सुरुंग लावण्याचे काम चालविले होते. युरोपातून आलेल्या कुटुंबांतील हजारो माणसांच्या डोक्यांची मापे घेऊन त्यांनी असे दाखविले होते की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांच्या ठेवणीपेक्षा बदलते. कवटीचा आकार हा वंशाचा अढळ शिक्का मानला जात असे. तोच जर एका पिढीत हलू लागला, तर त्याच्यावर उभारलेले उच्चनीचतेचे मजले कसे टिकावेत? बोआस ह्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर हे मूळचे रशियन साम्राज्यातील कीव्ह शहरचे. त्यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्या दिवशी त्यांचे वय पंचवीस वर्षे आणि काही दिवस इतके होते.

ह्या निबंधाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी हिंदुस्थानात वंशशास्त्राचे काय चालले होते हे थोडे पाहिले पाहिजे. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले ह्यांनी नाकाची रुंदी आणि उंची ह्यांचे प्रमाण मोजून जातींची प्रतवारी लावण्याचा खटाटोप केला होता. नाक जितके रुंद तितकी सामाजिक पायरी खालची, असा त्यांच्या सिद्धांताचा मथितार्थ. आज ही गोष्ट हास्यास्पद वाटते; पण राज्यकर्त्यांच्या हाती पडलेले शास्त्र हसण्यावारी नेता येत नाही. लढाऊ आणि बिनलढाऊ वंश असा भेद मानणारे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना सैन्यभरतीची सारी दृष्टी बदलली आणि १८९२ च्या सुमारास महारांना सैन्याचे दार बंद झाले. कोरेगावच्या लढाईपासून ज्यांनी कंपनी सरकारची चाकरी केली, ज्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळांत अक्षरओळख झाली, त्या समाजाची बाहेर पडण्याची एकुलती एक वाट एका वांशिक कल्पनेने बुजविली. भीमरावांचे वडील रामजी सकपाळ हे त्याच सैन्यातील सुभेदार. वंशाचे शास्त्र काय करू शकते हे ह्या विद्यार्थ्याला पुस्तकांतून शिकण्याची गरज नव्हती.

निबंधात मात्र ह्यांपैकी काहीच नाही. स्वतःच्या अनुभवाचा एक शब्दही त्यात येत नाही. अस्पृश्यतेचा प्रश्नही त्याच्या केंद्रस्थानी नाही. शवविच्छेदन करणाऱ्या वैद्याच्या अलिप्ततेने लेखक जातीची यंत्रणा उकलून दाखवितो. जातीचे मर्म कशात आहे? शिवाशिवीत नाही, धंद्यात नाही, रोटीबंदीतही नाही. ते जातीबाहेर विवाह न करण्याच्या नियमात आहे. भारतातील समाज मुळात गोत्राबाहेर विवाह करणारा. त्या चालीवर गटातच विवाह करण्याची सक्ती बसविली गेली आणि जात जन्मास आली.

आता गटातच विवाह करावयाचा म्हटला म्हणजे गटातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. मृत्यू ही बरोबरी सतत मोडत असतो. नवरा मेला की एक स्त्री शिल्लक उरते. ती बाहेर लग्न करील तर कुंपण मोडेल. आत करील तर एखाद्या कुमारिकेचा वर हिरावून घेईल. तिला एक तर नवऱ्याबरोबर जाळावे, नाही तर जन्मभर विधवा ठेवावे, एवढेच उपाय गटापुढे राहतात. बायको मेली तर शिल्लक उरलेल्या पुरुषाचे काय करावे? त्याला जाळणे गटाला परवडत नाही आणि त्याच्यावर संन्यास लादणे साधत नाही. म्हणून अद्याप विवाहयोग्य न झालेल्या वयातील मुलगी त्याला द्यावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्या तीन चालींचा उगम अशा रीतीने एकाच गरजेत सापडतो. त्यांचे गोडवे मागाहून गायिले गेले, गरज आधीची.

महाराष्ट्रात त्यापूर्वी पन्नासाहून अधिक वर्षे विधवाविवाह आणि संमतिवय ह्यांवर रणे माजली होती. संमतिवयाचा कायदा तर भीमरावांच्या जन्मसालीच, १८९१ मध्ये, झाला. पण त्या वादांत स्त्रियांचा प्रश्न एका कप्प्यात आणि जातीचा प्रश्न दुसऱ्या कप्प्यात राहिला. स्त्रीवरचा जाच हाच जातीच्या भिंतीचा चुना आहे, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मांडणारा विवेचक तोवर विरळाच.

वंशाच्या प्रश्नाकडे लेखक दोन ठिकाणी वळतो आणि दोन्ही ठिकाणे मुळातून वाचण्यासारखी आहेत. पहिल्या ठिकाणी तो स्वतःवरच आक्षेप घेतो. आपसांत विवाह न करणारे गट इतर देशांतही आहेत. अमेरिकेतील गोरे, निग्रो आणि तेथील मूळचे इंडियन लोक हे असेच गट नव्हेत काय? ह्यावर त्याचे उत्तर असे की, दोन्ही गोष्टींची गल्लत करता कामा नये. तेथे निराळे लोकसमूह एकमेकांपासून दूर राहिले आहेत; भारतात आर्य, द्रविड, मोंगल, सिथियन अशा अनेकांचे केव्हाच मिश्रण होऊन संस्कृतीने एक झालेला समाज निर्माण झाला आणि नंतर त्या एकजीव समाजाचे तुकडे पाडण्यात आले. जात ही वंशांची सरहद्द नव्हे. ती एका समाजाच्या अंगावरची फाळणी आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याने युरोपीय पंडितांना टोला दिला आहे. स्वतःच्या मनात रंगाचा पूर्वग्रह मुरलेला असल्यामुळे त्यांना जातीच्या मुळाशीही रंगच दिसला, असे तो म्हणतो. वीस गोरे विद्यार्थी आणि अध्यापक ऐकत असतील नसतील, पण न्यूयॉर्कच्या एका वर्गात हे वाक्य उच्चारावयास छाती लागते.

जात निर्माण कशी झाली ह्या प्रश्नाचे उत्तर देताना लेखकाने फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द ह्यांच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला आहे. प्रथम पुरोहितवर्गाने स्वतःला बंदिस्त करून घेतले. वरच्याचे पाहून खालच्यांनी तसेच केले. उरलेल्यांवर ते आपोआप लादले गेले. ह्या भागाचा पाया तितका पक्का वाटत नाही, आणि भारताची सांस्कृतिक एकताही सिद्ध करण्यापेक्षा गृहीतच धरली आहे. तरीही वंशाच्या जागी व्यवस्था आणि रक्ताच्या जागी नियम बसविण्याचे मुख्य काम निबंधाने चोख केले. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ ह्या नियतकालिकात छापला गेला.

ह्या निबंधात एका मराठी पूर्वसूरीचा आदरपूर्वक उल्लेख आहे. ते म्हणजे पुढे ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ रचणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर हेही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, शिकले आणि त्यांनी १९०९ मध्ये जातीच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एक चित्पावन ब्राह्मण आणि एक महार, दोघेही विद्यार्थीदशेत, घरापासून हजारो मैलांवर एकाच प्रश्नाशी झुंजत होते. आणि आर्य-द्रविड असा रंगभेद जुन्या भारतीयांच्या मनात नव्हता, ह्या मुद्द्यावर दोघांचे एकमत होते. केतकरांच्या व्याख्येतील एक दोष दाखवूनही आंबेडकरांनी त्यांच्या मोकळ्या दृष्टीची वाखाणणी केली आहे.

ह्यानंतर एका तपाने आणखी एक मराठी विद्यार्थिनी वंशशास्त्राच्या दारात जाऊन उभी राहिली. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. नाझी राजवटीत त्यांना मोठा मान मिळाला. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दाखवितो, हा समज कवट्या मोजून तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी मोजमाप केले, आणि वंशावर अवलंबून असलेला असा फरक दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. ज्या गुरूच्या हाती पदवी, त्याच्या मताविरुद्ध निष्कर्ष काढणे हे कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला कठीण. परदेशी, एकट्या स्त्रीला तर फारच.

विद्यार्थिदशेतील हे मत आंबेडकरांनी पुढे सोडले नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि शेवटी न झालेल्या भाषणात त्यांनी ते अधिक रोखठोक मांडले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एक. मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एक. मग जातीने रक्तशुद्धी राखली हा दावा कोठे उरला? १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ ह्या ग्रंथात तर रिस्लेच्या परंपरेतील नाकाची मापेच त्यांनी साक्षीला बोलावली. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. शत्रूच्या फूटपट्टीने शत्रूचाच माल मोजून दाखविण्याचा हा प्रकार होता. मात्र ह्याची किंमतही होती. आपण मूळचे धनी आणि ते परके, हे सोपे व चेतविणारे सांगणे त्यांनी स्वतःला मना करून घेतले. त्यांच्या अनुयायांपैकी पुष्कळांना ते पुढेही प्रिय राहिले.

येथे असा प्रश्न उभा राहतो की, अमेरिकेतील काळे आणि भारतातील अस्पृश्य ह्यांना जोडणारा वंशाचा धागा एकदा तोडल्यावर जोतीरावांनी १८७३ मध्ये जोडलेले नाते उरले कोठे? लाला लजपतराय हेही महायुद्धाच्या काळात अमेरिकेत होते आणि १९१६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तेथील काळ्यांची व येथील अस्पृश्यांची तुलना केली होती. पण १९२८ मध्ये कॅथरीन मेयो ह्या बाईंच्या ‘मदर इंडिया’ला उत्तर देताना ते म्हणू लागले की, अमेरिकेतील गुलामगिरीपुढे अस्पृश्यता काहीच नव्हे. आंबेडकरांनी ह्या विधानाचा खरपूस समाचार घेतला. गुलाम हा निदान धन्याची मालमत्ता असतो, म्हणून त्याच्या जिवाची धन्याला काळजी असते. अस्पृश्य कोणाचाच नसल्याने त्याची काळजी कोणालाच नाही. गुलामी उघड असते. अस्पृश्यता झाकलेली असते आणि ती भोगणाऱ्यालाही आपण गुलाम आहोत हे उमगत नाही. ह्या युक्तिवादात वकिली अभिनिवेश नाही असे म्हणता येणार नाही. रोममधील सुशिक्षित गुलामांचे दाखले मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्याला लागू पडत नाहीत. पण रोख ध्यानात घेतला पाहिजे: दुसऱ्याचे दुःख मोठे म्हणून आपल्या घरचे दुःख लहान ठरविण्याला तो विरोध होता. तुलना त्यांना हवी होती, ती पांघरूण घालण्यासाठी नव्हे.

आणि मग १९४६ चा जुलै महिना आला. त्या वर्षीच्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला होता. मे महिन्यात जाहीर झालेल्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र राजकीय घटक म्हणून स्थान नव्हते. सत्तांतर दाराशी आलेले, आणि आपला समाज त्यात कोठेच नाही, अशा कोंडीत आंबेडकर सापडले होते. इकडे जूनमध्ये भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवर होणाऱ्या वंशभेदाची तक्रार संयुक्त राष्ट्रांपुढे नेली होती. तिकडे ६ जून रोजी ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ ह्या संस्थेने अमेरिकेतील एक कोटी तीस लक्ष काळ्यांच्या वतीने त्याच दरबारात अर्ज गुदरला होता. आंबेडकरांनी ही बातमी भारतातील वृत्तपत्रात वाचली आणि ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहिले.

पत्र छोटे आहे. आपण निग्रो प्रश्नाचे विद्यार्थी आहोत व ड्यू बॉइस ह्यांचे लेखन सातत्याने वाचीत आलो आहोत, असे त्यांनी कळविले आहे. दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की तिकडच्या प्रश्नाचा अभ्यास करणे केवळ स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असे सांगून त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या आहेत. अस्पृश्यही तसे पाऊल टाकण्याच्या विचारात आहेत. अडुसष्ट साली जन्मलेले ड्यू बॉइस तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ३१ जुलैला त्यांनी उत्तर धाडले. तो अर्ज एका लहान संघटनेचा आहे, अधिक सविस्तर अर्ज पुढे येण्याचा संभव आहे, तो मिळताच पाठवीन, असे लिहून त्यांनी आंबेडकरांचे नाव व कार्य आपल्याला ठाऊक असल्याचे आणि अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती असल्याचे कळविले. ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ड्यू बॉइस ह्यांच्या संग्रहात आहेत.

ह्या पत्रात वंशाचे नाव नाही. आर्यांनी आम्हांला जिंकले, गोऱ्यांनी तुम्हांला जिंकले, म्हणून आपण भाऊ, असा सूर त्यात कोठे लागत नाही. साम्य सांगितले आहे ते स्थितीचे, आणि मागणी आहे ती एका कागदाची. तीस वर्षांपूर्वी कोलंबियात ज्याने काळा-गोरा भेद आणि जातिभेद ह्यांची गल्लत करू नका असे बजावले, त्यालाच आता त्या दोहोंत एवढे साम्य दिसावे, ह्यात वरवर पाहता विसंगती आहे. पण १९१६ मध्ये प्रश्न कारणाचा होता, १९४६ मध्ये उपायाचा. दोन रोगांची कारणे निराळी असली तरी दोन्ही रोगी एकाच रुग्णालयाच्या पायरीवर भेटू शकतात.

पुढची हकीकत मात्र सरळ नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये ड्यू बॉइस ह्यांच्या संपादनाखाली तयार झालेला ‘ॲन अपील टू द वर्ल्ड’ हा मोठा अर्ज संयुक्त राष्ट्रांना सादर झाला. अमेरिकन शिष्टमंडळाच्या विरोधामुळे मानवी हक्क आयोगापुढे त्याची डाळ शिजली नाही. आंबेडकर तोवर स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले होते. १० ऑक्टोबर १९५१ रोजी मंत्रिपदाच्या राजीनाम्याविषयी जे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले त्यात एक गोष्ट सांगितली आहे. अस्पृश्यांच्या स्थितीवरील एक अहवाल त्यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी तयार केला होता. पण घटना समितीला आणि भावी संसदेला संधी देऊन पाहावी म्हणून तो पाठविला नाही. त्या संधीचे जे झाले त्याबद्दलची निराशा त्याच निवेदनात स्पष्ट आहे.

ह्यानंतरचा दुवा मराठी साहित्याने जोडला. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे ह्यांनी औरंगाबादेच्या तरुण लेखकांना निग्रो साहित्याची ओळख करून दिली. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृतींनी ‘दलित पँथर’ स्थापन केली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑकलंड शहरी निघालेल्या ‘ब्लॅक पँथर’वरून ते नाव घेतले होते. पुढच्या वर्षी निघालेल्या तिच्या जाहीरनाम्यात दलित कोणाला म्हणावे हे सांगताना अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया ह्या सर्वांना एकत्र घेतले होते. व्याख्या स्थितीची होती, वंशाची नव्हती.

शेवटी हा वाद पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या दारी गेला, तोही चमत्कारिक रीतीने. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. जातिभेदाचा विचार ह्या परिषदेने करावा, अशी मागणी घेऊन दलित संघटनांचे प्रतिनिधी तेथे गेले. भारत सरकारने उत्तर दिले की जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा हा विषय परिषदेच्या कक्षेत येत नाही. कोलंबियातील निबंधाचे वाक्य अशा प्रकारे नेमके उलट कामासाठी उपयोगात आले. परिषदेच्या अंतिम घोषणापत्रात जातीचा उल्लेख आला नाही. परंतु सर्व प्रकारच्या वंशभेदाच्या निर्मूलनाचा जो आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये झाला होता, त्याच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण, राष्ट्रीय अथवा वांशिक मूळ ह्यांच्या जोडीला ‘जन्मकुळ’ ह्या अर्थाचा एक शब्द होता. ह्या शब्दात जातीचाही समावेश होतो, असा निर्वाळा त्या कराराची देखरेख करणाऱ्या समितीने २००२ साली दिला. तो शब्द १९६५ मध्ये मसुद्यात घालावा अशी सूचना भारताच्याच शिष्टमंडळाने केली होती.